माऊस कोणाच्या हातात?

कंपायलर_काकू | शुक्रवार, रात्री १०:१२

हिंजवडीत १४ वर्षं कोडाची खर्डेघाशी केली आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी सिंहगड रोडकडच्या एका शाळेत आठवी-नववीचा कॉम्प्युटरचा तास घेते. मानधन नाही. चहा मिळतो, तोही शिपाईमामांच्या मर्जीवर.

लॅबमध्ये २० मशीन आहेत, चालतात १३. मुलं ३८. म्हणजे एका मशीनला तिघं. पहिले दीड-दोन महिने मी नुसती शिकवत होते, बघत नव्हते. एकदा प्रोजेक्टर रुसला म्हणून भिंतीवर काही दाखवता येईना, तेव्हा मागे जाऊन उभी राहिले. आणि सगळ्यांच्या पाठी एकदम दिसल्या. मधल्या खुर्चीत कीबोर्डपुढे मुलगा. त्याच्या उजवीकडे दुसरा, हात माऊसवर. डावीकडे अर्धी खुर्ची आणि अर्धी हवा अशा अवस्थेत मुलगी, मांडीवर वही. ती मी सांगितलेलं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतेय. १३ पैकी ११ मशीनवर साधारण हेच चित्र. उरलेली दोन मशीन मुलींच्याच गटांकडे होती, म्हणून तिथे निदान माऊस मुलीच्या हातात होता.

मुलींना येत नाही म्हणावं, तर तोंडी विचारलं की पहिलं उत्तर त्यांचंच येतं. जर्नलही त्यांचीच पूर्ण. सबमिशनच्या आदल्या रात्री त्याच जर्नलचे फोटो मुलांच्या ग्रुपवर फिरतात, हे मला एका आईने सांगितलं.

त्या दिवशी घरी येताना मला माझं इंजिनिअरिंग आठवलं. फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्ही चौघं, दोन मुलगे आणि दोन मुली. मुलगे म्हणाले, "कोडचं आम्ही बघतो, तुम्ही ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बघा." तेव्हा तो मला त्यांचा मोठेपणा वाटला होता, खरंच. मग आम्ही दोघी अनुक्रमणिका, आकृत्या, पान नंबर, अप्पा बळवंत चौकात बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, या सगळ्यात महिनाभर धावत होतो. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही कुठलं मॉड्यूल लिहिलंत?" मी म्हटलं, "डॉक्युमेंटेशन." त्यांनी अगदी सहानुभूतीने मान हलवली. ती मान मी अजून विसरलेले नाही.

घरीही तेच. पीसी आला तो दादाच्या खोलीत. दादा महिन्याला एकदा विंडोज उडवायचा आणि रात्रभर बसून परत टाकायचा. मी जवळ गेले की बाबा म्हणायचे, "हात लावू नकोस गं, बिघडेल." तो बिघडवत होता म्हणून शिकत होता, हे कळायला मला नोकरीतली पहिली तीन वर्षं लागली. कारण तिथे सगळे दादा होते, आणि सर्व्हर पडला की त्यांचे हात आपोआप चालायचे. माझे आधी परवानगी शोधायचे.

पुण्यात मुलींना कॉम्प्युटरला या म्हणून वेगळं सांगावं लागत नाही. त्या येतातच, वर्गच्या वर्ग भरतात. पण मशीन बिघडवायची मुभा त्यांना कोणी दिलेली नसते, हे माझं आजवरचं निरीक्षण. तुमचं काय? आणि त्या १३ मशीनचं मी काय करू, तेही सांगा.

---

झेड_ब्रिज | शुक्रवार, रात्री १०:३१

धाग्याचं नाव वाचून वाटलं कुणाच्या घरात उंदीर झालेत.

वाचल्यावर मात्र आठवलं की आमच्याही प्रोजेक्टचं ब्लॅक बुक मुलींनीच केलं होतं. आत्ता लाज वाटली. थोडी. +१

---

स्पष्टवक्ता | शुक्रवार, रात्री ११:०५

राग मानू नका, पण हा सगळा आयात केलेला प्रश्न आहे. माझ्या ऑफिसात माझ्या टीममध्ये निम्म्या मुली आहेत. कुणी अडवलंय? आयआयटीतसुद्धा आता मुलींना वेगळ्या जागा. अजून किती प्रोत्साहन द्यायचं? एकीकडे समानता म्हणायचं आणि दुसरीकडे सवलती. मुलग्यांनी काय पाप केलंय?

---

सातारारोड | शनिवार, सकाळी ७:२०

धागा चांगला. माझा प्रश्न जरा व्यवहारी आहे, इथे विचारला तर चालेल का? मुलगी यंदा बारावीला, सीईटी देणार. तिला मेकॅनिकल हवंय. घरात सगळ्यांचं म्हणणं, मुलीच्या जातीला कॉम्प्युटर बरं. एसी ऑफिस, कॅब दारात, लग्नाच्या वेळीही अडचण नाही. मी मधल्या मध्ये. आणि फीमाफीचं नेमकं काय आहे? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

कंपायलर_काकू | शनिवार, सकाळी ९:४८

@सातारारोड, दादा, तिला मेकॅनिकल हवं असेल तर मेकॅनिकलच घेऊ द्या. हे मी कॉम्प्युटरवाली असून सांगतेय. "मुलींना बरं" म्हणून कॉम्प्युटरला आलेल्या मुली मी खूप पाहिल्या. त्या पास होतात, प्लेसमेंटही होते. पण विषयाशी भांडायची खुमखुमी नसते, कारण विषय त्यांनी निवडलेलाच नसतो.

@स्पष्टवक्ता, तुमचं उत्तरही यातच आहे. तुमच्या टीममध्ये निम्म्या मुली आहेत, मान्य. त्यातल्या किती जणी "एसी ऑफिस, कॅब दारात" या रस्त्याने आल्या आणि किती जणी रात्री जागून काहीतरी बिघडवत आल्या, एकदा चहाला बसून विचारा. आणि त्याच कंपनीत १५ वर्षं अनुभवाच्या पट्टीत किती उरल्यात, तेही मोजा.

आयआयटीचं म्हणाल तर २०१८ पासून मुलींसाठी ज्या जागा वाढवल्या त्या जादाच्या आहेत. आधीच्या जागांमधून काढून दिलेल्या नाहीत. एकाही मुलग्याची खुर्ची कमी झाली नाही.

प्रश्न आयात केलेला आहे हे मात्र अर्धं खरं. तिकडची गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यावर कॉम्प्युटर सायन्स पदवीधरांमध्ये साधारण ३७ टक्के मुली होत्या. पुढे तो आकडा निम्म्यावर, १८ च्या आसपास आला. बाकी सगळीकडे मुली वाढत असताना इथेच घसरण. कारणं बरीच सांगतात, पण मला पटतं ते हे: त्याच सुमारास पीसी घराघरात गेला आणि मुलाच्या खोलीत जाऊन बसला. कॉलेजात आलेला मुलगा चार वर्षं खेळून आलेला, मुलगी कोरी. मास्तरांना वाटलं, पोराला जात्याच येतं. आमच्या दादाची खोली काही एकटी नव्हती म्हणायची.

---

तहसीलची_वारी | शनिवार, सकाळी ११:१५

@सातारारोड, मी नुकताच या चक्रातून बाहेर आलोय, म्हणून सांगतो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण माफ करतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर विसरा. होस्टेल आणि मेस यात येत नाही.

शिवाय एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये, तीही ८ लाखांच्या आतल्यांना, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. डिप्लोमालाही मिळते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

कटऑफची यादी बघताना ‘जी’ने सुरू होणारे रकाने जनरलचे आणि ‘एल’ने सुरू होणारे लेडीजचे. मुलींना ३० टक्के जागा आहेत. आमच्या घरी पहिल्या राउंडपर्यंत फक्त ‘जी’चा रकाना बघून रडारड चालली होती.

आणि दाखले आत्ताच काढा. निकालानंतर तहसीलच्या रांगेत उभं राहण्यासारखी दुसरी तपश्चर्या नाही.

---

टेस्टर_ताई | शनिवार, दुपारी ३:४०

धागाकर्तीशी बऱ्यापैकी सहमत, पण एक खुपलं. अशा धाग्यांवर शेवटी कुणीतरी "मुलींना टेस्टिंगला टाकतात" असं सुस्कारे सोडत म्हणणार, म्हणून आधीच लिहिते.

मला टाकलंच होतं. ट्रेनिंगमध्ये मार्क चांगले होते, तरी प्रोजेक्ट देताना मॅनेजर म्हणाले, "टेस्टिंगला वेळेत निघता येईल, तुमच्यासाठी सोयीचं." माझ्यासाठी काय सोयीचं हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. लग्न झालं नव्हतं, घर विद्यापीठाजवळ, रात्री आठला निघाले तरी चाललं असतं.

पण मग मला त्यात मजा यायला लागली. दुसऱ्याने बांधलेलं पाडून दाखवायचं काम आहे ते. नाव टाकायच्या जागी इमोजी टाक, रकमेत उणे टाक, ‘सबमिट’ दोनदा दाब. एकदा एका पेमेंटच्या स्क्रीनवर मी सबमिट पटकन दोनदा दाबलं आणि पैसे दोनदा गेले. तीन सीनियर डेव्हलपर म्हणाले, "असं कोण करतं?" मी म्हटलं, "माझी आई. नेट स्लो असलं की ती पाच वेळा दाबते." रिलीज थांबलं. आज मी ऑटोमेशनचं फ्रेमवर्क लिहिते, आणि ते डेव्हलपमेंटच आहे, कुणाला पटो वा न पटो.

तेव्हा टेस्टिंगला नाक मुरडू नका. तक्रार करायची तर "सोयीचं" या शब्दाची करा.

---

झेड_ब्रिज | शनिवार, दुपारी ४:०२

असं कोण करतं? माझी आई. __/\__

---

पंचकार्ड_आजी | शनिवार, रात्री ८:५५

नातवाने हा धागा वाचून दाखवला. म्हणाला, आजी तू लिही. मोबाईलवर टंकायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

मी संख्याशास्त्रात एमएस्सी करून १९७९ साली पुण्यातल्या एका कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटरच्या खात्यात लागले. त्याच्या पाच वर्षं आधी, १९७४ मध्ये, टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नयेत असं छापलेलं होतं. त्यावर सुधा कुलकर्णी या मुलीने थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, आणि तिला पुण्यातच मुलाखतीला बोलावून घेतलं. पुढे त्या सुधा मूर्ती झाल्या. आमच्या वेळी ती गोष्ट प्रत्येक मुलीला पाठ होती. मुलाखतीला जाताना माझ्या वडिलांनी मला शकुन म्हणून कोरं पोस्टकार्ड दिलं होतं. वापरायची वेळ आली नाही. अजून आहे.

आमच्या खात्यात प्रोग्रॅमर सहा, त्यात मी एकटी बाई. पण शेजारच्या खोलीत पंचिंगच्या आठ मुली होत्या. साहेब लोक कोडिंग शीटवर पेन्सिलने कोबोल या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे, मुली ते कार्डावर पंच करायच्या. एका कार्डावर ८० रकाने, एक ओळ म्हणजे एक कार्ड. हजार ओळींचा प्रोग्रॅम म्हणजे हजार कार्डांचा गठ्ठा. पावसाळ्यात एकदा तो ट्रे माझ्या हातून जिन्यात पडला होता. पहिल्या सहा रकान्यांत अनुक्रम छापलेला म्हणून वाचले, पण लावायला दुपार गेली.

सांगायचं ते हे की कोबोलमध्ये पूर्णविराम चुकला की सगळं ओंफस. गठ्ठा आज द्यायचा, कागद उद्या मिळायचा आणि त्यावर चुकांची यादी. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की माझ्या प्रोग्रॅममध्ये चुका कमी येतात आणि मी काही एवढी हुशार नव्हे. शोध घेतला तेव्हा कळलं, पंचिंगची एक मुलगी, दहावी झालेली, माझे राहिलेले पूर्णविराम स्वतःच टाकत होती! विचारलं तर घाबरली. म्हणाली, "बाई, रोज बघून बघून कळतं कुठे यायला हवा ते." तिला कोबोल कुणी शिकवलं नव्हतं. मी साहेबांना सांगितलं, हिला प्रोग्रॅमिंगला घ्या. ते हसले, म्हणाले, तिचा स्पीड चांगला आहे, तिला तिथेच राहू द्या.

गंमत बघा, कोबोल ज्या भाषेवरून बेतली ती ग्रेस हॉपर या बाईंची. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारी, कम्पायलर म्हणतात ती चीजही त्यांनीच १९५२ मध्ये पहिल्यांदा करून दाखवली. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये एनिॲक हे सुरुवातीचं कॉम्प्युटर यंत्र जगाला दाखवलं तेव्हा त्यावर प्रोग्रॅम लावणाऱ्या सहाही जणी बायका होत्या, आणि कौतुक झालं यंत्र बनवणाऱ्यांचं. सुरुवातीला हे कारकुनी काम समजलं जायचं, म्हणून बायकांना दिलं. पुढे त्यात पैसा आणि मान आहे हे कळल्यावर ते पुरुषी झालं. स्वयंपाकाचं नाही का, घरी करते ती बाई आणि हॉटेलात करतो तो शेफ.

ती पंचिंगवाली मुलगी कार्डं गेली तशी गेली. तिची नोकरीच गेली. मी तिच्यासाठी आणखी भांडायला हवं होतं, एवढंच मला लिहायचं होतं.

---

टेस्टर_ताई | शनिवार, रात्री ९:२०

आजी, दंडवत.

---

बोरूबहाद्दर | शनिवार, रात्री ९:४४

आजींचा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे. आजी, पोस्टकार्डाचा फोटो टाकता येईल का?

(अवांतर: पुण्यातला मुलींच्या शिक्षणाचा धागा आणि ४८ तास होत आले तरी भिडेवाडा आला नाही, हे आंतरजालावर पहिल्यांदाच घडत असावं. घ्या, मीच टाकतो: १८४८.)

---

स्पष्टवक्ता | शनिवार, रात्री १०:३०

४८ नाही, २४ तास झालेत. गणित सुधारा.

आजींबद्दल आदर आहे. पण आता एआय कोड लिहितंय. उद्या प्रोग्रॅमरच लागणार नाहीत, तर मुलींना या बुडत्या जहाजात का चढवताय?

---

कंपायलर_काकू | रविवार, सकाळी १०:०५

आजी, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना.

@स्पष्टवक्ता, परवा म्हणत होतात मुलींना खूप जागा दिल्या, काल म्हणालात जहाज बुडतंय. एक काहीतरी ठरवा. एआयने लिहिलेलं कोड मी रोज बघते. ते बहुतेक वेळा बरोबर असतं, आणि जिथे चुकतं तिथे आजींच्या त्या मुलीसारखी नजर लागते. पूर्णविराम कुठे यायला हवा होता हे बघून बघून कळणारी. ती नजर वही लिहून येत नाही.

---

हिंगणे_बुद्रुक | रविवार, दुपारी १२:५०

मी कमिन्स कॉलेजची. माझं नाव वाचून ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी, कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. अण्णा कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला आला. त्यांच्याच संस्थेने १९९१ मध्ये तिथे फक्त मुलींचं हे इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं.

माऊसवरून आठवलं. आमच्या लॅबमध्ये माऊस ओढून घ्यायला मुलगाच नव्हता! नेटवर्कची केबल क्रिम्प करायची? आपणच. सीपीयू उघडून रॅम काढायची? आपणच. फेस्टला स्टेजचं वायरिंग, स्पॉन्सरकडे जाऊन पैसे मागणं, रात्री उशिरा परवानगीसाठी रेक्टरशी हुज्जत, सगळं आपणच. मुलांचं काम कुठलं आणि मुलींचं कुठलं हे चार वर्षं मी विसरूनच गेले होते.

घरचे मात्र "फक्त मुलींचं आहे ना, मग ठीक" म्हणून पाठवायला तयार झाले होते. त्यांना वाटलं सुरक्षित ठेवतायत. तिथे मी सोल्डरिंग गनने हात भाजून घेत होते.

---

झेड_ब्रिज | रविवार, दुपारी १:१५

पण पुढे नोकरीत तर मुलगे असणारच ना? मग पहिल्या मीटिंगमध्ये काय झालं?

---

हिंगणे_बुद्रुक | रविवार, दुपारी १:४०

पहिल्या मीटिंगमध्ये एकाने माझं वाक्य मधेच तोडलं. मी थांबले नाही, बोलत राहिले. दोघंही एकदम बोलत होतो, बराच वेळ. मला खरंच माहीत नव्हतं की अशा वेळी मी थांबायचं असतं.

---

लोणार_ते_नवी_पेठ | रविवार, रात्री ११:३२

पहिल्यांदाच लिहितेय. मी पॉलिटेक्निक केलं, आता थेट दुसऱ्या वर्षाला पुण्यात. नवी पेठेत राहते, चौघी एका खोलीत.

तुम्ही सगळे पीसी दादाच्या खोलीत म्हणताय, आमच्याकडे पीसीच नव्हता. डिप्लोमाला असताना शिष्यवृत्तीचे पैसे आले, त्यातून लॅपटॉप घेतला. माझ्या नावाची शिष्यवृत्ती, पण लॅपटॉप भावाकडे गेला, कारण तो पुण्यात एमपीएससी करत होता. बाबांचा हेतू वाईट नव्हता. "तुला कॉलेजात आहे ना लॅब." लॅब चारला बंद व्हायची आणि माझी एसटी साडेचारला.

मग मी मोबाईलवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. हसू नका, येतं करता. पण पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली यावर सगळा अर्थ असतो, आणि पाच इंची स्क्रीनवर चार स्पेस आहेत की तीन हे दिसत नाही. मी बोट स्क्रीनला लावून मोजायचे. अजूनही लॅपटॉपवर कोड वाचताना माझं बोट स्क्रीनवर जातं. रूममेट चिडवतात.

आता माझ्याकडे लॅपटॉप आहे, सेकंडहँड, बॅटरी टिकत नाही. भाऊ पूर्व परीक्षेत दोनदा राहिला आणि परवा मला फोन करून विचारत होता, कोडिंग किती दिवसांत येतं.

---

सातारारोड | सोमवार, सकाळी ६:५५

बाळ, तुझं वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या घरी एकच लॅपटॉप आहे. तो मुलाकडे असतो. मी कधी विचारच केला नव्हता.

चार्जरसकट रात्रीच मुलीच्या टेबलावर नेऊन ठेवला. मुलाने तोंड वाकडं केलं, चालायचंच. मेकॅनिकलचंही बोललो तिच्याशी. ती म्हणते सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम लिहायला शिकायचंय. म्हणजे घुमून फिरून आलोच की कॉम्प्युटरवर.

---

बोरूबहाद्दर | सोमवार, सकाळी ९:१०

धागाकर्तीने १३ मशीनचं काय करू विचारलं होतं, त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही. अस्सल मराठी धागा.

माझा नुसता ऐकीव मुद्दा: अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये कॉम्प्युटर सायन्सला आलेल्यांत जेमतेम ७ टक्के मुली होत्या, २००० मध्ये ४२. त्यांनी अभ्यासक्रम सोपा केला नाही. प्रवेश देताना "आधीपासून कोडिंग येतं का" याला दिलेलं वजन काढून घेतलं, आणि कोरी पाटी घेऊन येणाऱ्यांसाठी वेगळ्या पायरीने सुरुवात केली. काकू, तुमच्या वर्गात हे कसं बसवायचं ते तुम्हीच बघा.

---

कंपायलर_काकू | पुढचा शुक्रवार, रात्री ९:२५

आजचा अहवाल.

नियम एकच केला: खो. दर आठ मिनिटांनी मी स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवते. "खो!" म्हटलं की माऊसवाल्याने उठायचं आणि वहीवालीने बसायचं. पोरं खो-खो खेळणारी, नियम समजवावा लागला नाही.

पहिली आठ मिनिटं फजिती. मुली खुर्चीत बसल्या, पण मुलगे मागून "अगं इथे, इथे क्लिक कर" म्हणत स्क्रीनवर बोटं ठेवायला लागले. म्हणजे माऊस तिचा, बोट त्याचं. मग दुसरा नियम करावा लागला: ज्याच्याकडे माऊस नाही त्याचे हात पाठीमागे. तोंडाने काय सांगायचं ते सांगा. आणि गंमत म्हणजे त्यांना तोंडाने सांगताच येईना. "ते, त्याच्या वरचं, नाही नाही, बाजूचं." सहा महिने माऊस धरणाऱ्याला कुठल्याही बटणाचं नाव माहीत नाही! वहीवाल्यांना सगळी नावं पाठ.

एक गोष्ट माझ्या आधीच्या हिशेबात नव्हती. एका गटात तिघंही मुलगे, त्यातला एक हळूबोल्या, तोही कायम वहीच लिहायचा. आज पहिल्यांदा त्याच्या हातात माऊस आला. त्याला डबल क्लिक जमत नव्हतं. नववीत. मी फक्त मुली मोजत होते, त्यामुळे तो मला दिसलाच नव्हता.

शाळा सुटल्यावर लॅब उघडी ठेवते, मुलींनो बसा, असंही म्हणून पाहिलं. मुलगे सायकलवाले, ते कितीही थांबतील. मुलींची व्हॅन पाच दहाला सुटते आणि व्हॅनकाका एक मिनिट थांबत नाहीत. आता मधल्या सुट्टीत उघडणार आहे. डबा बाहेर खायचा, एवढी अट मुख्याध्यापिकांनी घातली.

आणि आता खरी बातमी. पायथनमध्ये टर्टल म्हणून एक कासव असतं. त्याला सांगायचं इतकं पुढे जा, इतके अंश वळ, ते मागे रेघ सोडत जातं. मी पंचकोन दिला होता: पुढे जा, ७२ अंश वळ, पाच वेळा. एका मुलीला चांदणी हवी होती. चांदणीला १४४ लागतात. माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी ताटली घट्ट धरून गप्प उभी राहिले. तिने १०० टाकलं, १२० टाकलं, १५० टाकलं. मग १४५. चांदणी झाली, पण शेवटचं टोक जुळेना, केसभर फट राहिली. मला वाटलं आता ती १४४ टाकेल. तिने नाही टाकलं. तिने पाचच्या जागी १०० केलं.

कासव फिरतच राहिलं. एकावर एक चांदण्या, प्रत्येक जराशी तिरकी, बघता बघता पडदा भरला. आजूबाजूची पोरं उठून तिच्या मागे. खो वाजवायची वेळ टळून गेली, मी वाजवलाच नाही.

---

टेस्टर_ताई | शुक्रवार, रात्री ९:५०

चांदणी ठीक आहे, पण मुलींना चांदण्या, रांगोळ्या, फुलं, हे जरा ठरावीक होत नाही का? मुलग्यांना काय दिलं होतं?

---

कंपायलर_काकू | शुक्रवार, रात्री ९:५८

मुलग्यांनाही पंचकोनच दिला होता, ताई. एकाने त्यातून पतंग काढला, एकाने कासव पडद्याबाहेर पाठवलं आणि शोधत बसला. मलाही तुमच्यासारखीच शंका आली होती. पण त्या मुलीला नक्षीशी काही देणंघेणं नव्हतं, हे पुढे कळलं. कासव आपल्याच जुन्या रेघांवरून जायला लागलंय हे तिच्या लक्षात आलं. तिने स्पीड कमी केला आणि वही उघडून, पाचपाचच्या गठ्ठ्यांनी रेघोट्या मारत मोजलं. वहीचा उपयोग झाला म्हणायचा! व्हॅनकडे पळता पळता मला सांगून गेली: "टीचर, १४५ ला ७२ रेघांत मिटतं."

घरी येऊन ताडून पाहिलं. १४५ गुणिले ७२ म्हणजे १०,४४०, म्हणजे बरोबर २९ पूर्ण चकरा. मिटतंच.

---

पंचकार्ड_आजी | शुक्रवार, रात्री १०:२०

तिचं नाव मला वेगळं कळवा. तिला एक पोस्टकार्ड द्यायचं आहे.

---

कंपायलर_काकू | शुक्रवार, रात्री १०:४१

हो आजी.

आत्ताच तिच्या आईच्या फोनवरून मेसेज आला: "टीचर, मग १४६ ला किती?"

---

झेड_ब्रिज | शुक्रवार, रात्री १०:४३

१८०.

---

कंपायलर_काकू | शुक्रवार, रात्री १०:४४

अरे, हात पाठीमागे!